आडवी धरलेली काठी

धनगर वस्ती, करमाड
१२ मार्च १९७३

दादा,

सखूचा नमस्कार. वच्छलावहिनीला सांग, आणि दोघी पोरींचे मुके घे. दिवाळीला तू म्हणला होतास, सखे, चौथीपर्यंत शिकलीस तर वर्षातून एखादं पत्र तरी लिहीत जा. लिहीत नाय, कारण लिहावं असं इथं काय घडतच नाय. आता घडलंय म्हणून लिहिती.

चारा नावाला राह्यला नाय. बाभळीचा पालासुदिक ओरबाडून झाला. आपली मेंढरं आता उभी राहतात तीच कशी राहतात, देवाला ठाऊक. करमाडला सरकारनं चाऱ्याचा डेपो काढला, तर तुझे दाजी पहाटेच जाऊन बसले. तिथला बाबू म्हणला, चारा गाई-म्हशी-बैलांना, मेंढरू यादीत नाय. हे म्हणले, मेंढरू जनावर नाय व्हय? तो म्हणला, सरकारच्या भाषेत जनावर म्हंजे मोठं जनावर. ह्यांनी घरी येऊन सांगितलं तवा मी आधी हसले, दादा. मग लई रडू आलं.

आता करमाडचे नानासाहेब मोर्चा काढणारेत. तू वळखतोस त्यांना, बागायतदार, मळ्यात विलायती गाया बांधलेल्या. येत्या शनिवारी नाय, त्याच्या पुढच्या शनिवारी, जालना रोडनं थेट औरंगाबादच्या कलेक्टर कचेरीवर. त्यांनी वस्तीवर येऊन सांगितलं, धनगरांनी मेंढरं घेऊन यायचं, साहेबाला जनावरांची हाडं मोजू द्या. हे जाणारेत. मीबी जाणार. ह्यांनी जन्मात कधी साहेबासमोर तोंड उघडलं नाय, पण आता दिवसभर पुटपुटत बसतात, काय बोलायचं त्याची तयारी चाललीय.

तू पोलिसात हायेस म्हणून विचारते. मारत्याल का रे? पोलिसासारखं उत्तर देऊ नको, भावासारखं दे.

तुझी,
सखू


पोलीस लाईन, औरंगाबाद
१७ मार्च १९७३

चि. सखूस,

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहेत, पण लागलं. वच्छलानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा डोळे पुसले.

मोर्चाचं आम्हाला आधीच कळलं आहे. सदर मोर्चा चिकलठाण्याच्या पुढे नाक्यावर अडवायचा, चार-पाच जणांना निवेदन द्यायला कचेरीत सोडायचं आणि बाकीच्यांना तिथूनच परत लावायचं, असा हुकूम आहे. मी पण बंदोबस्तात आहे. आमचे फौजदार साहेब तापट आहेत, पण हुकुमाबाहेर जाणारे नाहीत. भावासारखं उत्तर मागितलंस म्हणून सांगतो, बिनधास्त या. कोणी हात लावणार नाही. माझा शब्द.

फक्त दाजींना दोन गोष्टी बजाव. मेंढरं आणू नका. जालना रोडला ट्रक असतात, गर्दी असते, बुजली तर कोणाला आवरणार नाहीत. आणि काठ्या घरी ठेवा. पोलिसाला काठी दिसली की तो तिला काठी म्हणत नाही, हत्यार म्हणतो. आपल्या माणसांना काठीवाचून हात रिकामा वाटतो हे मला ठाऊक आहे. एक दिवस वाटू द्या.

आणि नाक्यावर मी दिसलो तर दादा म्हणून हाक मारू नकोस. ड्यूटीवर नातं नसतं. संध्याकाळी सगळे इकडेच जेवायला या, वच्छला म्हणते पिठलं-भाकरी तरी नक्की होईल.

तुझा दादा,
कारभारी


करमाड
२१ मार्च १९७३

दादा,

सदर पत्र सदर सखूला मिळालं. घरात जेवताना पण असंच बोलतोस का रे वहिनीशी? सदर भाकरी वाढ म्हणून?

तुझा निरोप ह्यांना सांगितला. हसले नुसते. म्हणले, मेंढरं नाय न्यायची तर मोर्चा कशाचा, आणि मेंढरं न्यायची तर काठी नाय कशी? आपण काय शिटी वाजवून थांबवणार हाये का त्यांना? कारभारीला म्हणावं, बूट घातल्यावर विसरला वाटतं. नानासाहेबबी म्हणाले, मेंढरं पायजेतच, पेपरवाले फोटो काढणारेत.

तुझा शब्द मी वस्तीभर सांगितला. लेकुरवाळ्या बायका भीत होत्या, त्यापण निघाल्या. कारभारी हाये तिथं, मग काय भ्यायचं, म्हणतात. आपल्या वस्तीतला तू एकटाच वर्दीतला, तुझं नाव घेतलं की म्हाताऱ्यांची मान ताठ होते.

तुझ्यासाठी कारळाची चटणी आणते.

सखू


औरंगाबाद
२७ मार्च १९७३

चि. सखूस,

तू वस्तीवर सुखरूप पोचलीस असं कळलं, जीव भांड्यात पडला.

झाल्या प्रकाराचं फार वाईट वाटतं. जमाव अनावर झाल्यानं सौम्य बळाचा वापर करावा लागला. मी मागच्या फळीत होतो, पुढे नेमकं काय झालं ते मला दिसलं नाही. दाजी घाटीच्या दवाखान्यात आहेत. डोक्याला टाके पडलेत, डॉक्टर चांगला आहे, त्यानं आपुलकीनं बघितलं. बाहेर पहारा आहे, पण ती नुसती पद्धत असते. चार-आठ दिवसांत सोडतील. तू इकडे येण्याची घाई करू नकोस, वातावरण निवळू दे.

कारभारी


करमाड
२ एप्रिल १९७३

दादा,

तू मागच्या फळीत नव्हतास. पुढच्या रांगेत होतास, उजवीकडून तिसरा. मी बघितलं. तू सांगितलं होतंस म्हणून हाक मारली नाय.

सौम्य बळ म्हंजे काय रे? आपल्या सारजाबाईचा हात कोपरातून मोडला, ते का? तुला दिसलं नाय म्हणतोस तर मी सांगते, मी तिथंच होते.

नाक्यावर तुम्ही दोर लावून उभे होतात. नानासाहेब पुढं होऊन फौजदाराशी बोलत होते. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. मागून लोक रेटायला लागले, घोषणा सुरू झाल्या, कुणीतरी खडा भिरकावला. फौजदारानं शिट्टी फुंकली आणि तुमच्या काठ्या सुरू झाल्या. सगळे पळाले. नानासाहेब जीपमधी बसले. पळाली नायत ती फक्त आपली माणसं, आणि का पळाली नाय ते तुला मी सांगायला पायजे का? मेंढरं टाकून धनगर कसा पळंल? ती बिचारी भेदरून तुमच्या दोराकडं निघाली होती. हे पळत जाऊन त्यांच्यापुढं उभे राह्यले, तोंड मेंढरांकडं आणि काठी दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी. बाबा धरायचे तशीच. तशी काठी दिसली की मेंढरू जागच्या जागी थांबतं. तुझ्याकडं पाठ होती त्यांची, दादा. पोलिसाला मारायला निघालेला माणूस पोलिसाकडं पाठ करून उभा राहतो का? टाके कुठं पडलेत ते बघ. मागं पडलेत. कानाच्या मागं.

मेंढरं थांबलीच होती. मग ह्यांना खाली पडलेलं बघून उधळली आणि फौजदाराच्या पायात शिरली. तो त्यांच्यातच पडला, त्याचा हात मोडला. मेंढरांनी पाडलं त्याला. मी मपल्या डोळ्यांनी बघितलं.

त्याच्या आधी, हे काठी आडवी धरून उभे होते तवाच तुझा आवाज आला होता, “दाजी, काठी खाली करा!” तू आपलीच शिस्त मोडून ह्यांना हाक मारलीस. त्या एका हाकेवर मी तुला सगळं माफ करते, मागच्या फळीचं खोटंसुदिक.

आता एवढं कर. साहेबाला सांग, काठी अशी का धरतात. त्यांच्यातलं कुणाला ठाऊक असायचं कारण नाय. तुला ठाऊक हाये.

सखू


औरंगाबाद
११ एप्रिल १९७३

सखू,

हो, पुढच्या रांगेत होतो. उजवीकडून तिसरा.

त्या हाकेवर मला माफ करू नकोस. त्या हाकेनंच घात झाला. फौजदार साहेब उठले, तेव्हा हात लोंबत होता, तोंडावर लेंड्या आणि धूळ, आणि सगळे बघत होते. शिपाईसुद्धा. मेंढरांनी पाडलं म्हणून कोण लिहून घेणार? त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, “दाजी कोणाला म्हणालास?” खोटं बोलता आलं नाही. रस्त्यावर तेवढे एकच पडलेले होते. तिथंच नाव लिहून घेतलं. त्रिंबक, राहणार करमाड, काठीनं फौजदारांवर हल्ला. बाकी सगळे अनोळखी इसम आहेत, नाव एकट्या दाजींचं आहे. नानासाहेबांना संध्याकाळी चहा पाजून सोडलं.

चार-आठ दिवसांत सुटतील असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. सरकारी माणसाला मारहाण, मोठं कलम आहे. घाटीतून त्यांना तुरुंगात हलवलं. जामीन मिळू शकतो, पण जामीनदार सातबारावाला पाहिजे. आपल्यात सातबारा कोणाचा? नानासाहेबांच्या पाया पड.

मी सांगणार आहे. तुझी शपथ घेऊन लिहितो, मी जे आहे तेच सांगणार आहे. जमादारांच्या कानावर घातलंसुद्धा, की आमच्यात मेंढरं थांबवायला काठी आडवी धरतात. ते म्हणाले, कारभारी, आत्ता गप्प बस, कोर्टात विचारतील तेव्हा सांग. कोर्टात विचारतील तेव्हा सांगेन.

कारभारी


करमाड
३ मे १९७३

दादा,

नानासाहेबांच्या वाटा तुडवून दमले. पहिल्यांदा म्हणले, बघू. दुसऱ्यांदा, वकिलाला विचारतो. आता गडी बाहेर येऊन सांगतो, मालक पूजेला बसलेत. त्यांच्या गायांना डेपोवरून चारा सुरू झाला, मोर्चाचं यश म्हणून पेपरात आलं. मेंढरू अजून यादीत नाय.

आपला मेंढरांचा वाडा सरला. राह्यली होती ती चिकलठाण्याच्या खाटकानं नेली. बरीचशी तर त्याच्या गाडीपर्यंतसुदिक चालली नाय. मी आता पाझर तलावाच्या कामाला जाते, माती उचलायला.

काल तुरुंगात ह्यांना भेटले. दारावरच्या शिपायानं नवऱ्याचं नाव विचारलं. लगीन झाल्यापासून मी ते तोंडानं घेतलं नव्हतं. मी गप्प राह्यले तर तो खेकसला, नाव नाय तर भेट नाय. मग घेतलं. मला वाटलं होतं लाज वाटंल, पण काहीच वाटलं नाय, त्याचंच वाईट वाटलं.

ह्यांना ऐकू येत नाय, दादा. एक कान त्याच दिवशी गेला, दुसऱ्यात नुसती गुंई वाजती म्हणतात. जाळीच्या अल्याड मी बोंबलायची आणि पल्याड ते मान हलवायचे. मी विचारलं जेवता का, तर म्हणले, हां हां, बरी हायेत ना? मेंढरांचं चाललं होतं त्यांचं. मी हातानं सांगितलं, बरी हायेत. लई बरी हायेत.

तुला विचारत होते. कारभारी आला का, म्हणले. मी नाय म्हणून मान हलवली. लाईनीतून तुरुंग किती लांब हाये रे? मी करमाडहून पोचते.

सखू


औरंगाबाद
२९ मे १९७३

चि. सखू,

मी तुरुंगात भेटायला गेलो, तर वहीत नाव पडतं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर असतं. म्हणून गेलो नाही. तुला कारण पटणार नाही, माहीत आहे.

साहेबांनी बोलावलं होतं. फौजदार नव्हे, त्यांच्या वरचे. खुर्ची दिली बसायला. शिपायाला खुर्ची देतात तेव्हा समजावं काय ते. म्हणाले, कारभारी, तू सरकारतर्फे साक्षीदार आहेस. आरोपी तुझा मेहुणा आहे हे आम्ही लपवणार नाही, उलट सांगणार आहोत. सख्खा मेहुणा असून शिपाई खरं बोलला, यानं खात्याची शान वाढेल. मी म्हणालो, साहेब, ती काठी मेंढरांसाठी होती. ते रागावले नाहीत. म्हणाले, तुझ्या दोन मुली आहेत ना, क्वार्टर चांगलं मिळालंय ना? विचार कर. आणि चहा मागवला.

मी विचार करतोय. रात्री झोप लागत नाही. नोकरी गेली तर कुठं जाऊ? मेंढरं तर तिकडेही राहिली नाहीत. वच्छला नुसती पोरींची वेणी घालत बसते.

एक मार्ग आहे, रागावू नकोस. दाजींनी गुन्हा कबूल करून टाकावा. गरीब माणूस, पहिला गुन्हा, न्यायाधीश दया करतील, सहा महिन्यांत घरी येतील. मग माझ्यावर वेळच येणार नाही. तू त्यांना समजाव. तुझं ते ऐकतील.

कारभारी


करमाड
६ जून १९७३

दादा,

समजावलं. हाताच्या खुणा करून, जाळीला तोंड लावून समजावलं. कळलं त्यांना. म्हणले, “मी मारलंच नाय तर कबूल काय करू?” एवढंच.

तूच ठरव आता. तुझ्या पोरी मलाबी प्यारी हायेत, त्यांच्या तोंडचा घास काढ असं मी कधी म्हणणार नाय. पण तू मला एक सांग. तुला कुणी नानासाहेबाविरुद्ध बोल म्हणलं नाय, फौजदाराविरुद्ध बोल म्हणलं नाय. ह्यांनी फौजदाराला काठी मारली का नाय, तेबी सोड, म्हण गडबडीत दिसलं नाय. मजुरीच्या पैशातनं लावलेला आपला वकील तुला इतकंच विचारणार हाये, धनगर काठी डोक्यावर आडवी का धरतो. ह्याच्यात कुणाची निंदा हाये? बोर्डिंगात जाईपर्यंत तू स्वतः बाबांच्या मागं हिंडलास, पडेगावच्या माळावर तूच एकट्यानं अख्खा वाडा थांबवला होतास, तवा बाबांनी तुला खांद्यावर घेतलं होतं. आठवून सांग फक्त.

नायतर नोकरी सोडून ये. इथं पाझर तलावावर माणसं घेतात. पोरींना मी सांभाळते. खरंच सांगते, टोमणा नाय मारत.

सखू


औरंगाबाद
२० ऑगस्ट १९७३

चि. सखूस आशीर्वाद.

केस बोर्डावर आली आहे. सप्टेंबरअखेर साक्षी होतील. कोर्टात भेटूच. सर्व ठीक होईल. दाजींना धीर दे. इकडे सर्व क्षेम.

कारभारी


औरंगाबाद
९ ऑक्टोबर १९७३

सखू,

कोर्टातून तू माझ्याकडं न बघता गेलीस. मी पायरीवर उभा होतो. तू जवळून गेलीस, तुझा पदर माझ्या पट्ट्याला घासला, तरी बघितलं नाहीस.

निकाल ऐकला. दोन वर्षं सक्तमजुरी. मला वाटलं होतं सहा महिने, फार तर वर्ष. खरंच मला असं वाटलं नव्हतं.

मी घरून निघालो तेव्हा सांगायचंच ठरवून निघालो होतो. पिंजऱ्यात चढलो, शपथ घेतली, तोवरसुद्धा ठरलेलं होतं. सरकारी वकिलानं विचारलं, आरोपीच्या हातात काठी होती का? होती. वर उचललेली होती का? होती. आरोपी तुमचे कोण? मेहुणे. इथपर्यंत सगळं खरंच होतं. मग आपला वकील उठला. त्यानं किती सोपं विचारलं, सखू, तू सांगितलं होतंस तसंच. तुम्ही धनगर समाजाचे, मेंढरं थांबवायला काठी अशी धरतात, हे खरं आहे का? समोर फौजदार बसले होते, तो मोडलेला हात मांडीवर ठेवून. मागे साहेब. मी म्हणालो, मला माहिती नाही. लहानपणीच शिक्षणासाठी शहरात आलो. मेंढरांचं मला काही माहिती नाही.

तोंडातून निघाल्यावर मलाच ऐकू आलं. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ते पुन्हा विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी मनाला समजावतो. त्यांनी विचारलं नाही.

एक गोष्ट मला खाऊन टाकते आहे. दाजींना बाहेर नेत होते, तेव्हा ते माझ्यासमोर थांबले. बेडी घातलेले हात वर केले आणि मला नमस्कार केला. शिपायानं ओढलं तरी मान वळवून बघत होते. एवढा कडू माणूस मी त्यांना कधी समजलो नव्हतो. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नमस्कार डोळ्यांपुढून हलत नाही. जेवताना हलत नाही, परेडला हलत नाही. ते माझ्याबद्दल काय म्हणाले, तेवढं कळव. जे म्हणाले असतील ते लिही, आडपडदा ठेवू नकोस. मी ऐकून घ्यायला तयार आहे.

मला बढती मिळायची आहे म्हणतात. सगळे अभिनंदन करतात.

तुझा, म्हणवत नाही आता.
कारभारी


करमाड
२ नोव्हेंबर १९७३

कारभारी,

उत्तर देणारच नव्हते. तुझं पत्र चुलीपाशी ठेवलं होतं, जाळायला. पण तू विचारलंस ते काय म्हणाले, आणि ते जे म्हणाले ते तुला कळायलाच पायजे, म्हणून लिहिते.

त्यांना काही ऐकू आलं नाय. ना वकिलाचं, ना न्यायाधीशाचं, ना तुझं. दोन वर्षं झाली हे मी त्यांना बोटांनी दाखवलं तवा कळलं. कोर्टात त्यांना दिसलं एवढंच, की एवढ्या वर्दीवाल्यांत मपला मेहुणा उठला, पिंजऱ्यात चढला, फौजदार समोर बसलेला असताना आपल्या वकिलाशी बोलला. त्यांना वाटतं तू सांगितलंस. काठीचं सांगितलंस. त्यांना वाटतं न्यायाधीशानंच ऐकलं नाय.

भेटीला गेले तर पहिलं तुझंच काढलं. म्हणले, “कारभारीची नोकरी गेली का गं? पोरींचं कसं होईल?” दोन वर्षं बसायचीत स्वतःला, आणि काळजी तुझी. मी नाय म्हणून मान हलवली तर एकदम हरखले. म्हणले, मंग देव हाये. सगळ्यांनी पाठ फिरवली, नानासाहेबानं फिरवली, पर आपला माणूस उभा राह्यला. मी हात जोडले त्याला, दुसरं काय देणार होतो. जाळीतून रडत होते, आणि मार बसल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा माणसासारखा दिसला.

मी त्यांना सांगू शकले नाय. तोंड उघडलं होतं, बोंबलून सांगायचं ठरवलं होतं, की अरे, तो म्हणला मेंढरांचं मला काही माहिती नाय. सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं, पण मी हातानं सांगितलं असतं, ओठांनी सांगितलं असतं, कसंबी सांगितलं असतं. नाय सांगितलं. मेंढरं संपलीत हे सांगितलं नाय, तसंच हेबी. आता त्यांच्यापाशी दोनच गोष्टी उरल्यात आणि दोन्ही खोट्या.

माळावर गवत गुडघाभर आलंय. वस्तीवर चरायला एक पाय नाय. बायका म्हणतात, सखू, तू आता तुझ्या भावाकडं जा औरंगाबादला. त्यांना मी अजून काही बोलले नाय. त्यांनाबी वाटतं, तू आपल्याकडून बोललास. पुंजारामबुवा परवा पारावर म्हणत होते, पोर शिकलं पण जात विसरलं नाय.

तुला ऐकून घ्यायचं होतं ना? मग ऐक. ह्यांची इच्छा हाये, तू एकदा तरी भेटायला यावं. म्हणतात, त्याच्या तोंडाकडं बघून आभार मानायचेत. आता तुझं नाव वहीत पडलं तरी साहेब काही म्हणायचे नायत, तुला बढती देत्याल. म्हणून जा. त्यांच्या समोर बस, ते हात जोडत्याल ते जोडू दे, रडत्याल ते रडू दे, आणि तू नुसती मान हलव. खरं सांगून मोकळा होऊ नको. ते त्यांच्याकडून काढून घ्यायचा हक तुला नाय.

पुढची भेट पंधरा तारखेला हाये. त्या दिवशी तू जा. मी जाणार नाय.

सखू